आजोबांचा इंटरनॅशनल ट्रॅक्टर घरी चालू करायचाय? मग आधी बॅटरी काढून घरात ठेवा

भाऊ, तुमचं सगळं लिहिलेलं दोनदा वाचलं. दिंडोरीकडची वस्ती, आजोबांनी १९७४ ला घेतलेला इंटरनॅशनल बी-२७५, अकरा वर्षं गोठ्यामागं उघड्यावर उभा, आणि आता वडील, तुम्ही, वहिनी आणि दोन पोरं मिळून दसऱ्यापर्यंत घरच्या घरी चालू करायचा विचार आहे, तर सुरुवात कुठून करू, घरी किती जमेल आणि बाहेर काय न्यावं लागेल, असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय की नवीन बॅटरी आणून चार्ज करून ठेवलीय, रविवारी एकदा सेल मारून (म्हणजे स्टार्टर फिरवून) बघतो. तो रविवार रद्द करा. बॅटरी काढून घरात ठेवा आणि किमान पंधरा दिवस तिची गरज लागणार नाही असं धरून चाला.

मी निफाड तालुक्यात २८ वर्षं ट्रॅक्टरचं काम करतोय, त्यात अशा वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाड्या बऱ्याच आल्या, आणि माझा अनुभव असा की उभ्या गाडीचं सगळ्यात मोठं नुकसान ती चालू करायच्या पहिल्याच दिवशी होतं. आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. मी सतरा वर्षांचा होतो, आमचा जुना ट्रॅक्टर तीन पावसाळे चिंचेखाली उभा होता, सायलेन्सर उभा आणि वर डबा ठेवलेला नाही. चुलत्यांनी दुसरा ट्रॅक्टर पुढं लावला, साखळी बांधली, तिसरा गिअर टाकला आणि ओढला. एकच ठोका वाजला. सायलेन्सरमधून पावसाचं पाणी खाली जाऊन ज्या सिलेंडरचा वॉल्व्ह उघडा राहिला होता त्यात भरलं होतं, पाणी काही दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकला आणि ब्लॉकला चीर गेली. माझे वडील त्या दिवशी जेवले नाहीत. ती गाडी पुढे भंगारातच गेली, आणि खरं सांगायचं तर मी या धंद्यात त्या ठोक्यामुळेच आलो.

म्हणून पहिलं काम, सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल बाहेर काढा. त्याआधी गाडी धुऊन घ्या, पण प्रेशर मारून नाही, डिझेल आणि ब्रश, मग धुण्याचा सोडा आणि साधं पाणी, नाहीतर नोझल काढताना भोवतीची माती सरळ सिलेंडरमध्ये पडते. पेट्रोलनं धुऊ नका, पोरं जवळ असणार आहेत. नोझलचे नट गंजले असतील तर दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल मारत राहा, जोर लावून स्टड तोडलात तर एका तासाचं काम लेथवाल्याकडे आठवडाभर पडून राहतं. नोझल निघाले की टॉर्च लावून आत बघा, पाणी दिसलं तर बारीक नळीनं ओढून घ्या. मग प्रत्येक सिलेंडरमध्ये अर्धं डिझेल अर्धं इंजिन ऑइल असं चहाच्या अर्ध्या कपाएवढं ओता, भोकं स्वच्छ फडक्यानं बंद करा आणि चार दिवस त्याला हात लावू नका.

पाचव्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटावर मोठा पाना लावून हातानं फिरवून बघा. सहज फिरलं तर नशीब चांगलं. नाही फिरलं तर घाबरू नका, गाडी सगळ्यात वरच्या गिअरला टाका आणि दोघंतिघं मिळून चाकाला धरून पुढं-मागं हलवा, नुसतं हलवा, ढकलत नेऊ नका. जिथं अडतं तिथून परत मागं, असं रोज दहा मिनिटं, रोज थोडं तेल. रिंगा चिकटलेल्या असतात त्या अशाच हळूहळू सुटतात. पंधरा दिवसांत नाहीच सुटलं तर हेड उतरवायचं, त्यात कमीपणा काही नाही. वरून पिस्टनवर हातोडा मारणारे लोक मी पाहिलेत, त्यांची पिस्टन फुटलेली पण पाहिलीत, तुम्ही तसं करू नका. फिरायला लागलं की भोकांवर फडकं धरून दोन-चार पूर्ण फेरे द्या म्हणजे आतलं जास्तीचं तेल-पाणी बाहेर पडतं.

हे तेल मुरत असताना खालचं काम करा. चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट पूर्ण काढायच्या आधी दोन आटे सैल करा आणि थांबा, पाणी तेलापेक्षा जड असतं म्हणून आत पाणी असलं तर आधी तेच गळतं. पाण्यावर हिरवट-तांबूस रंग किंवा रेडिएटरचा वास असेल तर हेड गॅस्केट किंवा लायनरकडे संशय, नुसतं स्वच्छ पाणी असेल तर पाऊस. चेंबर उतरवूनच स्वच्छ करा, कारण आजचं ऑइल जुना गाळ सोडवून घेतं आणि तो गाळ ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. एअर क्लीनर उघडताना हातमोजे घाला, मला एकदा आत उंदराचं अख्खं घरटं मिळालंय आणि एकदा सापाची कात. ऑइल बाथचं भांडं धुऊन खुणेपर्यंतच तेल भरा, खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते तेल ओढून घेतं आणि त्याच तेलावर सुसाट सुटतं.

डिझेल टाकी तर पूर्ण उतरवायचीच. अकरा वर्षांचं डिझेल म्हणजे तळाला काळा चिकट थर, वर पाणी घातलं की नुसतं धुतल्यासारखं वाटतं पण चालू केल्यावर तासाभरात फिल्टर जाम. टाकीत मूठभर छोटी खडी आणि डिझेल घालून पोरांना दोन बाजूंनी धरून हलवायला सांगा, त्यांना हे काम फार आवडतं, नंतर खडे मोजून बाहेर काढा, आत जेवढे टाकले तेवढे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे. गाडी चालू कशी करायची हे सगळे विचारतात, बंद कशी करायची हे कोणी विचारत नाही. असलं जुनं डिझेल इंजिन चावी फिरवून बंद होत नाही, पंपाच्या आतली रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, मागं गेली आणि डिझेल तुटलं की ते बंद होतं. अकरा वर्षं उभ्या पंपात डिझेल सुकून गोंद झालेला असतो आणि रॅक जिथं आहे तिथंच चिकटते, ती जर फुल डिझेलला चिकटली असेल तर पहिल्या सेलला इंजिन उठतं आणि आरपीएम वरच जात राहतो, तुम्ही स्टॉप ओढत बसता आणि काहीच होत नाही. जुन्या बऱ्याच गाड्यांना इनलाइन पंपाच्या मागं एक चपटी डबी असते आणि तिला मॅनिफोल्डकडून, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या पाइपाकडून, एक बारीक नळी येते, तो हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर. त्या डबीतला डायफ्राम सुकून फाटलेला असला किंवा नळीला चीर असली तरी हेच होतं, रेस हाताबाहेर जाते. नळी आणि डायफ्राम नवीन टाका, ती काय फार महाग गोष्ट नाही.

पंप घरी उघडू नका. गाडीवरून काढताना टायमिंगच्या खुणांचे फोटो घ्या, खूण दिसत नसेल तर स्वतः बारीक खूण करा, खडूनं नको, छिन्नीनं, आणि पंप व चारही नोझल नाशिकला चांगल्या डिझेल पंपवाल्याकडे द्या, तिथं टेस्ट बेंच असतं, चारही लाइनला सारखं डिझेल पडतंय का आणि नोझल किती प्रेशरला उघडतंय हे त्याच्यावरच कळतं. आपल्याकडे त्या कामाची जाण असलेली माणसं आहेत, नाशिकच्या चौकाला मायको सर्कल हे नाव कंपनीवरून पडलं, उगाच नाही, सातपूरच्या त्या कारखान्यात डिझेलचे नोझल बनत आलेत. कंपनीचं नाव २००८ ला बॉश झालं तरी आमच्यासारख्यांच्या तोंडी अजून मायकोच. आणि एक, घरी नोझल पाइपला लावून फवारा कसा पडतो ते बघायची हौस कोणी करू नये, त्या फवाऱ्यापुढं बोट गेलं तर डिझेल कातडी फोडून आत जातं, वरून टाचणीएवढं दिसतं आणि बोट कापायची वेळ येते. असं झालं तर दुखो न दुखो, तडक दवाखान्यात.

पार्ट्सचं सांगतो. तुमच्या गाडीच्या प्लेटवर बघा, १९७४ ची असेल तर महिंद्राचं नाव एकटं नसणार, इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया असं असेल. १९६३ ला इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्रा आणि व्होल्टास अशा तिघांनी मिळून ती कंपनी काढली होती, गाडी मूळ इंग्लंडच्या डिझाइनची, कांदिवलीला बनायची, आणि १९७७ ला ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. पुढे २७५ हे नाव चालूच राहिलं म्हणून दुकानात २७५ म्हटलं की पोरगा लगेच पुडकं काढून देतो, आणि तिथंच फसायला होतं. जुन्या बी-२७५ मध्ये डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पडतं, म्हणून त्याला हीटर प्लग लागतात, आणि नंतरच्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) गाडीत ते सरळ पिस्टनवर पडतं. म्हणजे पिस्टन, नोझल, हेड गॅस्केट हे नाव सारखं असलं तरी डोळे झाकून घ्यायचं नाही, जुना पार्ट पिशवीत घालून न्या आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून जुळवा.

हीटर प्लगकडे लोक दुर्लक्ष करतात. उन्हाळ्यात चालतं तसं, पण आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशावर येतो, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात, अशा सकाळी ही गाडी प्लगशिवाय उठत नाही आणि मग लोक सेल मारून मारून सेल्फ जाळतात किंवा हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरतात. जुन्या वायरिंगमध्ये हे प्लग एकामागं एक जोडलेले असतात, एक गेला की चारही थंड. वहिनी घरच्या मोटारीचा स्टार्टर स्वतः उघडून दुरुस्त करतात असं तुम्ही लिहिलंय, मग वायरिंग पूर्ण त्यांच्याकडे द्या, मल्टिमीटर असेलच. प्लग, सेल्फ, डायनॅमो, कटआउट, दिवे. जुनी वायर जोडत बसू नका, उंदरांनी आतून कुठं कुरतडलीय ते दिसत नाही, सगळी नवीन ओढा आणि फ्यूज टाका. डायनॅमो खूप वर्षं उभा असला की त्याचा चुंबकपणा उतरतो, फील्डच्या टोकाला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन तो परत जागा करावा लागतो, नाहीतर चांगला डायनॅमो तुम्ही खराब समजून फेकून द्याल.

वडिलांना मात्र नुसतं खुर्चीवर बसवून ठेवू नका. ही गाडी त्यांनी चालवलीय, त्यांना माहीत असेल की शेवटच्या वर्षी गरम होत होती का, कोणता गिअर सुटत होता, ब्रेक कोणत्या बाजूला ओढत होता, ऑइल कुठून गळत होतं. काम सुरू करायच्या आधी एक संध्याकाळ त्यांच्याजवळ वही घेऊन बसा आणि बोलू द्या, मध्ये तोडू नका. एका पिंपळगावच्या गिऱ्हाइकाच्या घरी मी दोन दिवस हायड्रॉलिक उचलत का नाही ते शोधत होतो, त्यांचे तात्या बाजेवर बसून बघत होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले की त्या साली मीच आतला लिव्हर उलटा बसवला होता. मी विचारलंच नव्हतं त्यांना. तेव्हापासून कोणाच्याही घरी गेलो की आधी म्हाताऱ्या माणसाशी बोलतो.

पोरांना फोटो आणि डबे. कोणताही पार्ट सुटायच्या आधी फोटो, सुटल्यावर त्याचे नट-बोल्ट एका डब्यात आणि डब्यावर चिठ्ठी. आज वाटतं लक्षात राहील, दीड महिन्यानं चार बोल्ट हातात उरतात आणि कुठले ते कोणालाच सांगता येत नाही. ग्रीस निपल पण त्यांच्याकडे, प्रत्येक निपलमधून जुनं काळं ग्रीस जाऊन नवीन दिसेपर्यंत मारायचं.

पण काही कामांना पोरं दहा फूट लांब, इथं लाड नाही. गाडी जॅकवर उचलली की खाली जाड लाकडी ओंडके रचा, विटा आणि दगड अजिबात नाही, वीट दिसायला घट्ट आणि फुटते एका क्षणात. मागच्या टायरात पूर्वी पाणी भरायची पद्धत होती, तुमच्या गाडीत असेल तर ते चाक दोघांना आवरत नाही, आधी पाणी काढा मग चाक. क्लचसाठी गाडी मधून तोडायची झाली तर पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका, पुढचा भाग मधल्या एका पिनवरच डोलतो, तो सुटला की इंजिनसकट आडवा होतो. खरं तर गाडी तोडायचं काम एखाद्या मिस्त्रीला एक दिवस घरी बोलावून करून घ्या, ते वाचवायचे पैसे नाहीत. क्लच प्लेट फक्त गंजून चिकटली असेल तर आधी पेडल दाबून लाकूड अडकवून आठ दिवस ठेवा, बऱ्याचदा तेवढ्यानं सुटते. ब्रेक उघडताना जुन्या लायनरची धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे द्या, जुना तांब्या-पितळेचा आहे, त्याला नीट डाग देता येतो, बदलून हलका घेऊ नका. आपलं बोअरचं पाणी क्षारांचं, त्यानं ब्लॉकमध्ये खडू जमतो, ब्लॉकच्या तोटीत तार घालून बघा, बहुतेक बंदच असते. पुढे कूलंटच घाला. टायरवर सगळ्यात जास्त खर्च येईल, मागचे १२.४-२८ आणि पुढचे ६.००-१६ असतील, बाजूला चिरा गेलेल्या टायरवर अंगणात फिरवायला हरकत नाही पण रस्त्यावर ट्रॉली जोडू नका.

कागदपत्रं आत्ताच बघा, काम चालू असताना ते समांतर होतं. ट्रॅक्टर नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये येतो, नोंदणी १५ वर्षांची आणि मग ५-५ वर्षांनी नूतनीकरण. आजोबांच्या नावावर असेल तर वारसानं नाव लावायला फॉर्म ३१, आरसी हरवली असेल तर डुप्लिकेटला फॉर्म २६. चेसिस नंबरवर पॉलिश पेपर किंवा लांबी (पुट्टी) जाऊ देऊ नका, तपासणीला तो नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे.

रंग सगळ्यात शेवटी. मला माहितीय पोरांना आधी लाल बॉनेट बघायचंय, पण रंगवलेल्या गाडीवर डिझेल आणि ग्रीसचे हात लागून महिन्यात तो खराब होतो. आणि तुम्ही लिहिलंय की डाव्या मडगार्डवर आजोबांचं नाव आणि साल पेंटरच्या हातचं अजून दिसतं, तो मडगार्ड घासू नका. बाकी सगळा रंगवा, तेवढा हलक्या हातानं धुऊन वर क्लिअर, म्हणजे बिनरंगी वार्निश, मारा. नवीन अक्षरं कितीही चांगली काढली तरी ती १९७४ ची होत नाहीत.

चालू करायचा दिवस. सगळं जोडल्यावर नोझल अजून सैल असतानाच स्टॉप ओढून सेल मारा, ऑइल गेजचा काटा उठेपर्यंत, मध्ये मध्ये सेल्फला थंड होऊ द्या. काटा उठत नसेल तर तिथंच थांबा. मग डिझेलची एअर काढा, टाकीकडून इंजिनकडे याच क्रमानं, आधी हँडप्रायमर मारत फिल्टरचे स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलचे नट, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की आवळा. एक माणूस फक्त एअर इनटेकजवळ उभा करा, हातात सपाट फळी, दुसरं काही काम नाही त्याला, रेस हाताबाहेर गेली की फळी तोंडावर दाबायची, हात किंवा फडकं नाही, ते ओढलं जातं. हीटर अर्धा मिनिट, आणि सेल. पहिल्यांदा पांढरा धूर येईलच, दहा मिनिटांत गेला पाहिजे. निळा राहिला तर ऑइल जळतंय. चालू झाली की लगेच स्टॉप ओढून बंद करून बघा, दोनदा तीनदा, आणि मगच फिरवायला काढा.

पुढे तिच्याकडून रोटाव्हेटर चालवायची अपेक्षा ठेवू नका, ३५ एचपीच्या आसपासची जुनी गाडी आहे, कांद्याची ट्रॉली गावातल्या गावात, पेरणी, फळी मारणं एवढं आरामात करेल. पीटीओ शाफ्टवर, म्हणजे मागं अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर, गार्ड नसेल तर पत्र्याचा करून घ्या, पदर, ओढणी, उपरणं काहीही ओढलं जातं. पहिले काही तास चालल्यावर थंड असताना हेडचे नट परत टॉर्कनं आवळा, टॅपेटची (वॉल्व्हची) फट बघा, आणि पहिलं ऑइल ५० तासांतच बदला.

दसऱ्याचं म्हणाल तर इंजिन सुटलं असेल आणि पंप वेळेत आला तर जमेल. नाही जमलं तर खंडेनवमीला जशी असेल तशी, बॉनेट नसलेली का असेना, हळद-कुंकू लावून पूजा करा, आम्ही गॅरेजात अर्धवट उघडलेल्या इंजिनांची पण करतो. तोपर्यंत एक करा, पंपाचा दोन्ही बाजूंनी फोटो आणि प्लेटवरचा नंबर पाठवा, गॅस्केट सेट कोणता घ्यायचा ते बघून सांगतो, त्याआधी घेऊ नका. आणि आज घरी गेल्या गेल्या सायलेन्सरवर डबा पालथा घाला.